धनुष्याने एल्कची शिकार: नर 70-80 यार्डांवर येऊन परत का फिरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेन्व्हरजवळ राहता, सलग दोन सप्टेंबर कोलोरॅडोच्या डोंगरांत एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या, मागे कंपाउंड (कप्प्या लावलेलं आधुनिक) धनुष्य घेऊन एकटे फिरलात. नर ओरडतो, तुमच्या आवाजाला उत्तर देतो, येतोही. पण 70-80 यार्डांवर (यार्ड म्हणजे मीटरहून थोडं कमी) थबकतो, दोन मिनिटं बघतो आणि निघून जातो. बाण सोडायची वेळच येत नाही.

कोलोरॅडोत धनुष्याने एल्क मिळतो तो ढोबळमानाने दहांतल्या एखाद्यालाच. त्यामुळे रिकाम्या हाताने परतलात यात नवल नाही. नर सत्तर यार्डांपर्यंत येतोय म्हणजे एल्क शोधणं तुम्हाला जमलंय, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. तुमचं अडतंय शेवटच्या शंभर यार्डांत, म्हणून बाकीचं आवरतं घेऊन त्यावरच जास्त लिहितो.

नर नेमका तिथेच का थांबतो ते आधी बघू. एल्क आवाजाची जागा फार अचूक हेरतो. मादीचा आवाज आला की ती कोणत्या झाडापाशी आहे हे त्याला ठाऊक असतं. मग तो ती जागा जिथून पहिल्यांदा दिसेल तिथवर येतो आणि बघतो. मादी दिसली नाही तर पुढे येण्याचं त्याला कारणच उरत नाही. म्हणजे तो थांबतो ती जागा तुम्ही आवाज काढायला कुठे उभे राहिलात यावरून ठरलेली असते. विरळ अ‍ॅस्पेनच्या झाडांत किंवा कुरणाच्या कडेला उभं राहून आवाज काढलात तर त्याला ऐंशी यार्डांवरूनच सगळं मोकळं दिसतं. तेच डोंगराच्या सोंडेच्या वळणामागे, सपाटीच्या कडेच्या जरा आत किंवा स्प्रूसच्या दाट रोपट्यांआड उभे राहिलात तर तुमची जागा बघायला त्याला तीस यार्डांपर्यंत यावंच लागतं. आवाज काढण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारा: ‘त्याला ही जागा पहिल्यांदा कुठून दिसेल, आणि तिथवर माझा बाण पोचेल का?’ उत्तर नाही असेल तर तोंड बंद ठेवा आणि जागा बदला.

दोघे असाल तर काम सोपं. धनुष्यवाला पुढे, आवाज काढणारा 40 ते 60 यार्ड मागे. नर मागच्याकडे बघत ऐंशीवर थांबला तरी पुढच्यापासून तो वीस-तीसवरच असतो. एकट्याने हेच करायचं तर आवाज काढून त्याच जागी बसायचं नाही. तोंड मागे वळवून, बुगलची (नराच्या ओरडण्याची नक्कल करायची) नळी डोंगराकडे रोखून आवाज काढा, म्हणजे तो दूरचा वाटतो. आणि लगेच, नर अजून दिसत नाही तोवर, 20-30 यार्ड पुढे सरका. सरकताना काटकी मोडली तर घाबरू नका, एल्कही चालताना आवाज करतातच. घाबरायचं ते धातू खडखडण्याला, वेल्क्रोच्या आवाजाला आणि माणसाच्या एकसुरी चालीला.

पुढे सरकायचं ते कुठल्या बाजूला, हे वारा ठरवतो. नर सहसा सरळ येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेऊन खात्री करतो. डोळ्यांना तो क्षमा करतो, कानांनाही करतो; नाकाला एकदा माणूस कळला की तो पुन्हा थांबत नाही. म्हणून आवाजाच्या जागेपासून पुढे आणि थोडं वाऱ्याच्या खालच्या बाजूला सरका, म्हणजे तो वळसा घालताना तुमच्या वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधी आडवा समोर येईल. इथे पाच-दहा यार्डांचा फरकही महागात पडतो.

आणि हा वारा म्हणजे हवामानखात्याचा वारा नव्हे. डोंगरात उतारावरची हवा ऊन-सावलीप्रमाणे दिशा बदलते. रात्री आणि पहाटे गार हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते. ऊन लागून उतार तापला की, सप्टेंबरात साधारण नऊ ते दहाच्या दरम्यान, ती वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. पूर्वेकडचा उतार आधी उलटतो, उत्तरेकडचा दाट झाडीचा सगळ्यात उशिरा, ढगाळ दिवशी आणखी उशिरा. बदल होत असतानाचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट, कारण तेव्हा हवा गोल फिरते. नाल्याच्या तळाशी आणि घळीच्या तोंडाशी ती जवळजवळ दिवसभर फिरते. तिथून नर कितीही ओरडो, आत उतरू नका.

एल्कचा दिवस याच्याभोवतीच बांधलेला आहे. रात्री ते खालच्या कुरणात चरतात, उजाडताना वर दाट झाडीतल्या उत्तरेकडच्या उतारावर विश्रांतीला चढतात, आणि चढताना वरून येणारी हवा त्यांच्या तोंडावर असते. तुम्ही मागून किंवा बाजूने चढत असाल तर तोवर तुमचा वास खाली जातो, ठीक. पण ते बसले आणि ऊन आलं की तोच वास वर त्यांच्याकडे जाणार. नऊ वाजता हवा डळमळू लागली की मागे हटा, लांबून वळसा घालून त्यांच्या पातळीला किंवा वर जा, आणि चढती हवा पक्की झाल्यावरच बाजूने जवळ जा. हा तासाभराचा संयम सुटल्यानेच सकाळचे बरेचसे कळप उधळतात, असं माझं मत. खिशात बिनवासाच्या पावडरीची पिचकारी ठेवा आणि दर काही मिनिटांनी फवारा. त्याहून बरं म्हणजे मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस, कारण तो तरंगत जाऊन तीस-चाळीस यार्डांवर हवा कुठे वळते तेही दाखवतो. वास लपवणाऱ्या फवाऱ्यांवर पैसे घालायचे तर घाला, त्यांच्या भरवशावर वाऱ्याच्या वर उभे राहू नका.

आता आवाजांबद्दल. दूरवरून मोठा आव्हानाचा बुगल दिला की माद्यांचा कळप सांभाळणारा नर माद्या गोळा करून चालता होतो. लढून त्याला काय मिळणार? जे त्याचं आहे ते घेऊन तो जातो. आव्हान द्यायचं ते त्याच्या घरात शिरून, शंभर यार्डांच्या आत, वारा पक्का असताना. तोवर गप्प राहा. तो आपणहून ओरडत असेल तर त्याच्याच आवाजावर चालत जा. आत पोचल्यावर एक-दोन हळू मादीचे आवाज द्या, मग जाड काटकीने झाडाचं खोड खरवडा, जसा नर शिंगं घासतो तसं. आपल्याकडे हा प्रकार कुणी फारसा सांगत नाही, पण एकट्या माणसाला हे बुगलपेक्षा जास्त उपयोगी, कारण चुकीचा सूर लागण्याचा प्रश्नच नाही.

काळही बघा. कोलोरॅडोचा धनुष्याचा मोसम 2 ते 30 सप्टेंबर. पहिल्या आठवड्यात नर अजून फारसे माजावर आलेले नसतात. तेव्हा पाण्याच्या आणि चिखलात लोळायच्या जागांवर दुपारी बसणं, फार तर हलका मादीचा आवाज. 10 तारखेनंतर ओरडणं वाढतं आणि 15 ते 25 हा ऐन भर. रजा एकच आठवडा मिळत असेल तर ती इथे घाला. शिकाऱ्यांची गर्दी असते त्या जागी नर मूकपणे येतात, म्हणून आवाज देऊन पुढे सरकल्यावर निदान 30-40 मिनिटं हलू नका. दहा मिनिटांत कंटाळून उठणाऱ्याला पाठमोरा नरच दिसतो.

उभं कुठे राहायचं? झुडपाच्या मागे नको, पुढे. पाठीमागची गर्द छाया तुमचा आकार मोडते आणि हात मोकळे राहतात. गुडघ्याखालचा पाला-काटक्या बाजूला करा. नर यायच्या आधीच तीन-चार झाडांची अंतरं मोजून लक्षात ठेवा. त्याचं डोकं खोडामागे गेलं की दोरी ओढा. डोळा दिसत असताना कधीच नाही. मोकळ्या फटीत आला की तोंडाने छोटासा मादीचा आवाज काढून त्याला उभा करा आणि मगच सोडा. सेकंदाला 270 फूट वेगाने जाणारा बाण 40 यार्ड कापायला जवळपास अर्धा सेकंद घेतो. चालत्या एल्कला तेवढ्यात पाऊल पुढे टाकता येतं, आणि फुप्फुसावर धरलेला बाण पोटात जातो.

नेम धरायचा तो पूर्ण आडव्या किंवा किंचित पाठमोऱ्या उभ्या जनावरावरच: पुढच्या पायाच्या मागच्या रेषेला लागून, छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर. समोरून तोंड करून उभा असेल तर सोडू नका. जागा लहान असते आणि अवतीभवती हाडं. खांद्याचं रुंद हाड बाण सहज अडवतं. तुमचं खरं अंतर किती हे घरी ठरवा: दिवसातला पहिलाच बाण, पाठीवर पिशवी, पळून धाप लागलेली, गुडघ्यावर बसून. अशा दहा पहिल्या बाणांपैकी नऊ 20 सेंमीच्या ताटात बसतात ते अंतर घ्या आणि त्यातून दहा यार्ड वजा करा. बहुतेकांचं ते 30-40 वर येतं, आणि एल्कला तेवढं पुरतं. उतारावर कोन धरणारा अंतरमापक वापरा: 30 अंशांच्या उतारावर 40 यार्ड म्हणजे नेमासाठी सुमारे 35 यार्डच. साध्या मापकावर भरवसा ठेवलात तर बाण पाठीवरून जातो.

साहित्याबद्दल फार नाही. 60-70 पौंड ओढीचं धनुष्य, एकूण 425 ते 500 ग्रेनचा (सुमारे 28 ते 32 ग्रॅम) बाण आणि दाढी करता येईल इतक्या धारेचं स्थिर पात्यांचं टोक. कोलोरॅडोत धनुष्य किमान 35 पौंड ओढीचं आणि टोक किमान 7/8 इंच रुंद हवं. सरावाच्या टोकांनी नेम पक्का केला म्हणजे झालं, ही सगळ्यात मोठी फसगत. पात्यांची टोकं 40 यार्डांवर मारून बघा. ती सरावाच्या टोकांच्या डावीकडे बसत असतील तर बाणाचा टेकू उजवीकडे सरकवा, उजवीकडे असतील तर डावीकडे. एका वेळी मिलिमीटरहून कमी. दोन्ही एका जागी बसू लागले की मगच नेमाच्या पिना हलवा.

बाण लागल्यावर लगेच एक मादीचा आवाज द्या, बरेचदा तो पळता पळता थांबतो. शेवटचा दिसला ते झाड आणि आवाज आला ती दिशा जीपीएसवर नोंदवा, आणि घड्याळ बघा. बाणावर गुलाबी फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांबून निघा. गडद लाल असेल तर यकृत. चार ते सहा तास. हिरवट, दुर्गंधीचं काही असेल तर पोट; आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळी लागला तर सकाळीच. घाईने मागे गेलात तर जखमी जनावर उठून दोन घळी पलीकडे जातं आणि तिथे कुणालाच सापडत नाही.

परवान्याचं दोन ओळींत. तुम्ही कोलोरॅडोत सलग सहा महिने राहून रहिवासी ठरला असाल, तर अनेक शिकार-विभागांचा धनुष्य-परवाना सोडतीशिवाय मिळतो. टेक्सास किंवा न्यू जर्सीतून येणाऱ्या मित्रांना मात्र 2025 पासून पश्चिमेकडच्या विभागांसाठी सोडतीतच उतरावं लागतं, आणि अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात. 1 जानेवारी 1949 किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या घरात हे कुणी शिकवलेलं नसतं, त्यामुळे तो अभ्यासक्रम उरकून टाकायचा म्हणून करू नका.

शेवटी मांस, कारण यश मिळालं की खरी धावपळ तिथून सुरू होते. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस 90 ते 110 किलो भरतं. एकट्याने ते चार-पाच खेपांत आणायचं, म्हणजे गाडीपासून तीन मैलांत दोन्ही बाजू मिळून वीस-पंचवीस मैलांची चाल. म्हणून एकटे असाल तर दोन मैलांपलीकडे मारू नका. सप्टेंबरातल्या दुपारी मांस नासतं ते आतून, मागच्या मांडीच्या सांध्यापाशी. कातडं लगेच काढा, मांडीचं मांस हाडापर्यंत चिरून उघडं करा, सुती पिशव्यांत घालून नाल्याजवळच्या सावलीत, हवा खेळेल असं टांगा. नर की मादी हे ओळखता येईल असा अवयव एका भागाला नैसर्गिकपणे जोडलेला राहू द्या; वाटेत तपासनीस पहिल्यांदा तेच बघतो.