बॅटरी बदला, डिस्प्ले राहू द्या; पण आधी पॅचची तारीख बघा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: फोन चार वर्षांचा आहे, सकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दुपारीच मान टाकते, काचेला एका कोपऱ्यात तडा आहे आणि ॲप उघडायला वेळ लागतो. दुरुस्तीवाला बॅटरी आणि डिस्प्ले दोन्ही बदलायला सांगतोय. दोन्हींचा खर्च मिळून त्याच तोडीच्या नव्या फोनच्या निम्म्याच्या आसपास जातोय आणि घरचे म्हणतायत, एवढे घालण्यापेक्षा नवाच घे.

माझं मत विचाराल तर बॅटरी बदला आणि डिस्प्लेला सध्या हात लावू नका. मात्र त्याआधी एक तारीख तपासा, कारण ती जुनी निघाली तर बाकीची चर्चाच निकालात निघते.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी' किंवा 'अबाउट फोन' उघडलं की सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या अपडेटची तारीख दिसते. तिच्याच आसपास 'गूगल प्ले सिस्टम अपडेट' अशी आणखी एक तारीख असते आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. ती गूगलकडून परस्पर येते, त्यामुळे कंपनीचे अपडेट बंद झालेल्या फोनवरही बऱ्यापैकी ताजी दिसू शकते. कर्नल (सिस्टमचा गाभा), प्रोसेसरचे ड्रायव्हर, मॉडेमचं सॉफ्टवेअर यांतली भोकं बुजवणारे पॅच फोनच्या कंपनीकडून यावे लागतात, म्हणून बघायची ती पहिली तारीख. दोनतीन महिने मागे असेल तर काळजी नको. जुन्या मॉडेलना पुष्कळ कंपन्या तीन महिन्यांतून एकदाच अपडेट देतात. वर्ष उलटून गेलं असेल तर कंपनीने त्या मॉडेलवरून हात काढून घेतला असं धरून चाला. आयफोनचं जरा वेगळं आहे. तिथे नवी आयओएस मिळणं थांबलं तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या बराच काळ येत राहतात. २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा अशी दुरुस्ती मिळाली होती.

पॅच थांबले म्हणून फोन दुसऱ्या दिवशी कोणी हॅक करत नाही. पण ज्या फोनवर बँक, पैशांचे व्यवहार आणि सगळे ओटीपी आहेत, त्याचे पॅच कायमचे थांबले असतील तर त्यावर मी मोठा खर्च करणार नाही. ॲपही हळूहळू साथ सोडतात. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२५ मध्ये अँड्रॉइड किटकॅट (खूप जुनी आवृत्ती) सोडलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयओएस १५.१ च्या आधीच्या आवृत्त्या. चार वर्षांच्या फोनवर ही वेळ लगेच येणार नाही, पण दिशा कळावी म्हणून सांगितलं.

आता खर्चाचं. 'निम्म्याच्या आत भागत असेल तर दुरुस्त करा, वर गेलं तर नवा घ्या' हा नियम तुम्हालाही कोणीतरी ऐकवला असेलच. मला तो अर्धवट वाटतो, कारण दुरुस्तीनंतर फोन किती दिवस चालणार हे त्यात कुठेच येत नाही. मी महिन्याचा खर्च काढतो. नव्या फोनची किंमत १०० धरा आणि तो चार वर्षं, म्हणजे ४८ महिने वापराल असं समजा. महिन्याला साधारण २.१ पडले. तुमच्या फोनला अजून दीड वर्ष पॅच मिळणार आहेत असं धरू. बॅटरी आणि डिस्प्ले दोन्हींना मिळून ४५ लागले तर ४५ भागिले १८, म्हणजे महिन्याला २.५. नव्या फोनपेक्षाही महाग! नुसत्या बॅटरीला १० लागले तर महिन्याला ०.६ सुद्धा नाही. हे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. पण घोळ कुठे आहे तो लक्षात आला असेल: दुरुस्तीवाल्याने एक स्वस्त आणि एक महाग काम एकाच बिलात बांधलंय, आणि घरचे त्या बिलाकडे बघून नवा फोन घ्यायला सांगतायत. दोन कामांचे दर वेगवेगळे मागून घ्या.

बॅटरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण जुन्या फोनच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. लिथियम-आयन बॅटरी झिजणारच. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी ५०० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येईल अशा बेताने बनवलेली आहे. आयफोन १५ पासून हा आकडा १००० केलाय. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनना किमान ८०० चक्रांची अट आहे. चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज साठ टक्के वापरले, मधे चार्ज केलं आणि उद्या चाळीस वापरले की एक चक्र झालं. रोज एक चक्र धरलं तर चार वर्षांत १४०० च्या वर जातात. म्हणजे तुमच्या बॅटरीने तिचं काम चोख केलंय, तिला दोष देण्यात अर्थ नाही.

झिजलेल्या बॅटरीत साठा कमी होतो हे सगळ्यांना माहीत असतं. तिचा अंतर्गत रोध वाढतो, तिकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. कॅमेरा उघडला किंवा प्रोसेसरवर एकदम ताण आला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि ३० टक्के दाखवणारा फोन पटकन बंद पडतो. थंडीत तर हमखास. हे टाळायला ॲपलने जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग मुद्दाम उतरवला, डिसेंबरमध्ये ते जाहीरपणे मान्य केलं आणि त्यावरून एवढा गदारोळ झाला की २०१८ मध्ये बॅटरी सवलतीत बदलून द्यावी लागली. त्या वेळी कित्येकांचा 'म्हातारा' फोन निव्वळ बॅटरी बदलल्यावर पूर्ववत पळायला लागला होता. अँड्रॉइडवर सरसकट असं होतंच असं नाही, पण टक्के ४० वरून एकदम १५ वर उडी मारत असतील तर बॅटरी गेलीच समजा.

तरी खर्च करण्याआधी बॅटरीच दोषी आहे ना, याची खात्री करा. सेटिंग्जमध्ये कोणत्या ॲपने किती बॅटरी खाल्ली ते दिसतं. एकच ॲप वरच्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं असेल तर बॅटरी बदलूनही ते तसंच खात राहील. ज्या फोनवर 'बॅटरी हेल्थ'चा आकडा मिळतो तिथे ८० च्या खाली म्हणजे बदलायची वेळ झाली. आकडा मिळत नसेल तर रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर टक्के बघा. नुसत्या पडून राहिलेल्या फोनचे रात्रभरात पाचसहा टक्के गेले तर ठीक. वीसपंचवीस गेले तर पाठीमागे काहीतरी चालू आहे किंवा सिग्नल कमजोर आहे.

आणखी एक बघायचं ते आजच बघा. कव्हर काढा, फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबा. आधी डुगडुगत नसलेला फोन आता डुगडुगतो का? कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे कळत नसेल तर तो डोळ्यांसमोर आडवा धरा आणि काच व फ्रेम यांच्यामधली फट बघा. एका बाजूला काच उचलली गेलीय, नख शिरतंय किंवा आतला प्रकाश कडेने बाहेर येतोय, तर बॅटरी फुगलीय. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार होतो, त्याचा तो फुगवटा. अशा फोनला चार्जिंग लावायचं नाही, दाबून काच बसवायची नाही, टोचून बघायचं तर मुळीच नाही. तिथे 'बघू पुढच्या महिन्यात' चालत नाही.

बॅटरी बदलताना शक्य असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातूनच बदला. बाहेर बदलणार असाल तर लेबलवरचा एमएएचचा, म्हणजे क्षमतेचा आकडा मूळ बॅटरीशी ताडून बघा. तेवढ्याच आकारात दीडपट क्षमता छापलेली असेल तर ती लेबलावरच आहे, आत नाही. आयफोनमध्ये सुटे भाग ओळखले जातात आणि अनोळखी बॅटरी लावली की सेटिंग्जमध्ये तशी सूचना येते, हेल्थच्या आकड्याचीही खात्री राहत नाही. शिवाय फोन एकदा उघडला की कारखान्यातली पाणीरोधक चिकटपट्टी तुटते. नवी लावणार का ते आधीच विचारा. लावली तरी पुढे पाण्यापासून जपलेलं बरं. ती आयपी६८ ची (पाणी-धूळ आत न शिरण्याची) हमी नव्या फोनसाठी असते.

आता डिस्प्ले. तडा कोपऱ्यात आहे, टच सगळीकडे चालतो, काळा डाग नाही, रेषा नाही, असं असेल तर वरून टेम्पर्ड ग्लास लावा आणि विसरा. काळजी एवढीच की तड्यातून ओल आत शिरते. ओएलईडी पडद्यावर काळा किंवा जांभळट डाग दिसायला लागला आणि तो पसरत गेला, किंवा फोन आपोआपच बटणं दाबायला लागला, की मग हिशेब नव्याने मांडायचा.

डिस्प्ले महाग का, तर काच, टच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात आणि अख्खा कॉम्बोच बदलावा लागतो. 'फक्त काच बदलून देतो' म्हणणारे असतात. काम होतं, नाही असं नाही, पण गरम करून पडद्यावरून काच सोलताना ओएलईडी मेला तर भुर्दंड कोणाचा, हे आधी ठरवून घ्या. वळणदार कडांच्या पडद्यावर हा जुगार मी खेळणार नाही. स्वस्तात मिळणारा कॉम्बो बहुधा ओएलईडीच्या जागी एलसीडी असतो. त्यात काळा रंग राखाडी दिसतो, बॅटरी जास्त जाते आणि पडद्याखालचा फिंगरप्रिंट सेन्सर बहुतेक वेळा चालतच नाही. घेतलाच तर पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून तपासा: पूर्ण पांढरं चित्र आणि पूर्ण काळं चित्र लावा, एखादा आयकॉन दाबून धरून पडद्याच्या चारही कडांनी फिरवा (जिथे सुटेल तिथे टच मेलेला), एक फोन लावून कानाजवळ नेल्यावर पडदा विझतो का ते बघा. उन्हात नेऊनही बघा. दुकानातल्या उजेडात सगळेच पडदे देखणे दिसतात.

मंदपणाबद्दल थोडक्यात. स्टोरेज ठासून भरलेलं असेल तर फ्लॅश मेमरीला नवं लिहायला मोकळे ब्लॉक मिळत नाहीत आणि सगळा फोन घसटत चालतो. पंधरावीस टक्के जागा मोकळी करा, फोन बंद करून चालू करा, दोन दिवस वापरा. तरीही फरक नाही तर बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट, तोही बॅटरी बदलल्यानंतर. एवढं करूनही कीबोर्ड अडखळत उघडत असेल तर रॅम आणि प्रोसेसर आजच्या ॲपना पुरत नाहीत, आणि त्यावर दुरुस्ती नसते. चार्जिंग हळू होत असेल तर आधी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातला कचरा दाबून दाबून तळाशी त्याचा नमदा झालेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. पिन किंवा सुई घालू नका.

मदरबोर्डचं काम निघालं, म्हणजे फोन आपोआप रीस्टार्ट होतोय, नेटवर्क पूर्ण जातंय, किंवा पाण्यात पडून गेलाय, तर मी नवा घेईन. गंज एकदा धरला की आज चिप बसवली तरी पुढच्या महिन्यात दुसरं काही जातं. अपवाद एकच, आत अडकलेला डेटा. अँड्रॉइड १० सोबत आलेल्या फोनपासून डेटा एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असणं सक्तीचं आहे आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या हार्डवेअरला बांधलेली असते, त्यामुळे मेमरी चिप काढून दुसरीकडे वाचता येत नाही. तेवढ्यापुरता बोर्ड जिवंत करून घ्या, आतले फोटो बाहेर काढून घ्या आणि थांबा.

दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्याच, आणि पासवर्ड सांगून फोन देऊन येऊ नका. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे. तो चालू केला की समोरच्याला कोरा फोन दिसतो, तपासणी सगळी करता येते आणि तुमचे फोटो-मेसेज झाकलेले राहतात. तुमच्या फोनमध्ये ही सोय नसेल तर निदान बँकेची ॲप काढून टाका आणि सिम खिशात ठेवा.

पॅचची तारीख जुनी निघून नवाच घ्यावा लागला, तर घेताना अपडेट किती वर्षं हे विचारा आणि ती वर्षं कधीपासून मोजली जातात तेही विचारा. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) पासून त्या मालिकांना सात वर्षांचं आश्वासन आहे, पण अशी मुदत सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून धरतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल सवलतीत घेतलं तर तेवढी वर्षं वजा करूनच वरचा महिन्याचा हिशेब करा. जुना फोन देताना आधी त्यातून गूगल किंवा ॲपल खातं साइन-आउट करा, मग रीसेट. उलटं केलंत तर तो पुढच्या माणसाकडे तुमच्या पासवर्डसाठी अडून बसू शकतो. आणि ओटीपीचं ऑथेंटिकेटर ॲप नव्या फोनवर हलवल्याशिवाय जुना पुसू नका.

मॉडेलचं नाव, पॅचची तारीख आणि दोन्ही कामांचे सुटे दर कळवलेत तर महिन्याचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडून देतो.