आपल्या जातीधर्माचा अभिमान असण्याचा आणि दंगलींचा खरंच काही संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय की दंगली तर राजकारणी घडवतात, मग आपल्या जातीचा, धर्माचा, भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या साध्या माणसाला दोष का द्यायचा. माझं म्हणणं असं की नुसत्या अभिमानाने कोणी कोणाला मारत नाही. पण समोरच्या माणसाच्या बाकीच्या सगळ्या ओळखी पुसून एकच शिल्लक ठेवली की भडकवणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं, आणि ते अर्धं काम आपण करून देतो, रोज, अगदी शांतपणे.

मी जोगेश्वरी-गोरेगाव पट्ट्यात फ्लॅट भाड्याने लावून देतो. ओनर डिपॉझिटचं नंतर विचारतो, आधी 'पार्टी कोण आहे?' मी सांगतो की बँकेत नोकरी आहे, दोन लहान मुलं, आधीचा मालक चांगलं बोलतोय, भाडं वेळेवर, आणि मग आडनाव सांगितलं की 'कमिटीला विचारून कळवतो' आणि तो फोन परत कधी येत नाही. मुसलमानांच्या बाबतीत हे सर्रास होतं, दलितांच्या बाबतीत जरा आडून आडून होतं, मच्छी खाणाऱ्या मराठी कुटुंबालाही याच मुंबईत नकार मिळतो आणि त्याचा आपल्याला संताप येतो, जो यायलाच पाहिजे, पण मराठी ओनर 'भय्या नको' म्हणतो तेव्हा तोही तेच करत असतो. त्या बँकवाल्याचं बँकवाला असणं, बाप असणं, चांगला भाडेकरू असणं, सगळं एका आडनावाखाली गेलं.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत हेच जिवावर बेतलं. लोकांनी बिल्डिंगखालच्या नावांच्या पाट्या काढून टाकल्या होत्या, कारण कोणाचं घर जाळायचं ते नाव वाचून ठरत होतं. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसं गेली. समुद्रातून शस्त्रं उतरतायत अशा अफवा पसरल्या आणि शिकलेसवरलेले लोक रात्ररात्र पहारा देत बसले. अफवा खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या वस्तीत हक्काने फोन करावा असं आपलं कोणी नसेल तर माणूस ती खरीच धरून चालतो. आणि दंगलीनंतर काय झालं, तर कितीतरी मुसलमान कुटुंबं मुंबई सोडून ठाण्याजवळच्या मुंब्र्याला गेली, हिंदू आपापल्या लोकांत सरकले, म्हणजे फोन करता येईल अशी जी काही थोडी माणसं होती तीही लांब गेली आणि पुढची पिढी तशीच वाढली.

हे फक्त धर्माचंच आहे असंही नाही. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर प्रयोग केला. मुलांना सांगितलं की तुम्हाला कुठल्या चित्रकाराची चित्रं आवडली त्यावरून गट पाडलेत, खरं तर कसेही पाडले होते. मग दोन्ही गटांतल्या मुलांना पैसे वाटायला लावले, स्वतःला काही मिळणार नव्हतं. तरी बऱ्याच मुलांनी आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत अशी वाटणी केली. ना जुनं वैर, ना धर्म, ना जमिनीचा तंटा! हा ताजफेल स्वतः पोलंडमधला ज्यू, नाझींनी त्याचं जवळजवळ सगळं कुटुंब संपवलं होतं, त्यामुळे हा प्रश्न त्याच्यासाठी नुसता अभ्यासाचा नव्हता.

आता कोणी म्हणेल की एकत्र राहिलं की झालं. तसं नाही होत. वरळीच्या बीडीडी चाळीत १९७४ ला दलित आणि सवर्णांची दंगल पेटली, तिथे दोन्हीकडे गिरणी कामगार होते, चाळींना चाळी लागून होत्या. जवळ राहणं वेगळं आणि एकमेकांशी रोजचं काम पडणं वेगळं.

म्हणून मला भिवंडीचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. यंत्रमागांचं गाव, १९७० आणि १९८४ ला भयंकर दंगली झालेल्या. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमान दोघंही एकाच कमिटीत, सोबत पोलीस, आणि दंगल नसतानाही नियमित बैठका, वस्तीतली छोटी भांडणं तिथेच बसून सोडवायची. १९९२-९३ ला शेजारची मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. माझ्या मते हे जमलं कारण लोक तिथे 'सर्वधर्मसमभाव' ऐकायला जमत नव्हते, आपापली कामं घेऊन येत होते आणि एकमेकांची नावं-तोंडं माहीत होती.

राजकारण्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. श्रीकृष्ण आयोगाने राजकीय नेत्यांचा हात लिहिलाय, पोलिसांचा पक्षपात लिहिलाय, ३१ पोलिसांवर ठपका ठेवलाय, आणि शिक्षा अगदी मोजक्या लोकांना झाल्या. भडकवणारा मोकळा फिरतो हे दिसल्यावर पुढचा भडकवणारा घाबरेल कशाला, तेव्हा कमिट्यांनी सगळं भागेल असं मी म्हणणार नाही. पण खटले आपल्या हातात नाहीत आणि सोसायटीचा ठराव आपल्या हातात आहे. सोसायटीच्या पुढच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, 'अमुक लोकांना फ्लॅट द्यायचा नाही' असा विषय आला तर हात वर करून विरोध करा आणि तो मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावा. माझा अनुभव आहे की एक माणूस बोलला की अजून दोन-तीन बोलतात, त्यांना फक्त पहिलं व्हायचं नसतं.