भाऊ मोठा झाला, फाईल लहानपणीचीच राहिली

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे, त्याला विल्यम्स सिंड्रोम आहे. लहानपणी हार्टची तपासणी व्हायची, पण अठरा झाल्यावर लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले आता मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि मग सगळंच राहून गेलं. तसा तो मजेत असतो, सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों हॉर्न ऐकला की पळत जाऊन गप्पा मारतो, चवथीला आरतीत घुमट वाजवतो. आता डेंटिस्ट म्हणतात, दाढा पूर्ण भूल देऊन काढू. काढू का?
— एक बहीण, डिचोली

उत्तर : ताई, दाढा थांबू देत, आधी हार्ट बघा. या सिंड्रोममध्ये सातव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसतो, त्यातच रक्तवाहिन्या लवचिक ठेवणारं इलास्टिनचं जीन असतं, म्हणून बऱ्याच जणांची महाधमनी हृदयाजवळच अरुंद होते आणि अशा माणसाला भूल देताना हृदय बंद पडायचा धोका खरंच असतो. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) कार्डिओलॉजीत दाखवा, जुनी फाईल न्या, इको (हार्टची सोनोग्राफी) करून घ्या, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिंड्रोमचं नाव स्वतः सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका, कारण कित्येक डॉक्टरांनी असा पेशंट कधी बघितलेलाच नसतो.

बीपी दोन्ही हातांचं मोजायला सांगा, हा सिंड्रोम असलेल्यांचं तरुणपणीच वाढू शकतं. शुगरचं म्हणाल तर नुसती उपाशीपोटीची करून समाधान मानू नका, कधी कधी ती नॉर्मल येते आणि ग्लुकोज पाजून केलेल्या टेस्टमध्ये डायबेटिस सापडतो. थायरॉईड, कॅल्शियम पण बघा, आणि हाडांसाठी म्हणून कुणी कॅल्शियम किंवा डी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या तर रक्तातलं कॅल्शियम तपासल्याशिवाय देऊ नका. (आपल्याकडे त्या चहाबरोबरच्या बिस्किटांसारख्या वाटतात!)

पोट दुखतंय म्हणाला तर गॅस म्हणून सोडू नका, जुन्या बद्धकोष्ठाने यांच्या आतड्याला कमी वयातच फुगे येऊन ते सुजू शकतात. मुळात अडचण ही की "कसा आहेस?" विचारलं की हा हसून "बरं" म्हणणार. त्यामुळे जेवण कमी झालं का, रात्री लघवीला किती वेळा उठतो, हे तुम्हीच बघायचं.

आणि कान. पदेराचा हॉर्न ऐकू येतो म्हणजे कान ठीक असं नाही, बारीक, उंच आवाज आधी जातात.