भरिताची पंगत सांभाळणाऱ्या नव्या स्वयंसेवकाला

२६ जानेवारीच्या जोडसुट्टीतल्या महोत्सवात भरिताची पंगत तुझ्याकडे आहे, तर आधी वांगी बघ. जळगावकडची हिरवी, मोठी, हाताला हलकी घे. जड वांग्यात बिया फार. माणशी पाव किलो, म्हणजे २०० पानांना ५० किलो. वर ५ किलो धरच, किडकी निघतात. भाजण्याआधी प्रत्येकाला टोचे मार, नाहीतर वाफ कोंडून वांगं फुटतं आणि शेजारच्याचा हात पोळतो. वांगी भाजायच्या कपाशीच्या काड्या आदल्या रात्री ताडपत्रीखाली झाक. दवाने ओलावल्या की नुसता धूर होतो, वांगं आत कच्चं राहतं. सोलताना पाण्यात बुडवू नको, चव जाते. लहान मुलांचं भरीत मिरचीचा ठेचा घालण्याआधीच बाजूला काढ. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी करणाऱ्या बायकांना सावली आणि पिण्याचं पाणी सगळ्यात आधी.