सोलापुरातून पहिल्यांदा बर्फात जाताय? आधी हे वाचा

तुझा फिटनेस चांगला आहे, त्याची मला काळजी नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, पण बर्फ कसा वागतो हे इथे कुणाला बघायलाच मिळत नाही. काळजी त्याची आहे.

सगळ्यात आधी उतार बघायला शीक. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. मोबाईलमधल्या ॲपने कोन मोजता येतो. आणि फक्त पायाखालचा नाही, डोक्यावरचाही उतार मोज. नुकताच भरपूर बर्फ पडलाय, वारा सुटलाय किंवा एकदम ऊन तापलंय, तर त्या दिवशी तिकडे फिरकूच नकोस. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला, बुटापासून बर्फात चीर पळत गेली, की खालचा थर कच्चा आहे समज. तिथूनच मागे फिर, लीडर काहीही म्हणो.

धोक्याचा पट्टा एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची. बीकन (गाडलेला माणूस शोधायला सिग्नल देणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता दहा-पंधरा मिनिटांतच झपाट्याने घटते, बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेतले प्रशिक्षणार्थी हिमस्खलनात दगावले, म्हणजे शिकलेल्यांनाही बर्फ सोडत नाही.

बीकनचा सराव इथेच कर. होम मैदानावर सकाळी लवकर ये, मी एक बीकन पिशवीत घालून लपवतो, तू शोध. घड्याळ लावू.