ड्रिलची बॅटरी कशी सांभाळायची
हे बघ मित्रा, पहिलं म्हणजे सुटी बॅटरी स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात कधीच टाकू नकोस, दोन टर्मिनलला, म्हणजे तिच्या धातूच्या टोकांना, एखादा खिळा आडवा लागला की शॉर्ट झालाच, आणि लिथियम बॅटरीची आग एकदा लागली की पटकन विझत नाही, विझली वाटली तरी परत पेटते. बॅटरीसोबत प्लास्टिकची टोपी आली असेल तर ती फेकू नको, नसेल तर टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लाव, एवढंच पुरतं.

ठेवताना फुल चार्ज नको आणि अगदी रिकामीही नको, निम्म्याच्या आसपास ठेव, कोरड्या थंड जागी. उन्हातल्या गाडीत तर अजिबातच नाही! काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नको, आधी निवू दे, आणि चार्जिंग चालू ठेवून झोपायचं नाही, प्लीज.

विमानात सुटी बॅटरी हँडबॅगेतच, १०० वॉट-अवरपर्यंत सहसा चालते, १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर झाले. १०० च्या वर असेल तर एअरलाइनला विचार.

फुगलेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी वापरूच नको, कचऱ्यातही टाकू नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे.