माउस झोपतो, कॉम्प्युटर जागा राहतो

प्रश्न : लॅपटॉपवर थोडा वेळ नुसतं वाचत बसलं की यूएसबी माउस अडकतो. हलवल्यावर दोनेक सेकंदांनी पुन्हा चालू होतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवून वीज वाचवणारं सेटिंग, बंद करावं का?

उत्तर : निदानापुरतं जरूर बंद करा, कायमचं नको. बंद केल्यावर माउस अडकायचा थांबला तर दोष कुठे आहे ते कळलं. मग सेटिंग पूर्ववत करा आणि सूट फक्त त्या माउसला द्या.

यूएसबी २.० च्या नियमानुसार वाहिनीवर ३ मिलिसेकंद शांतता राहिली की उपकरणाने सस्पेंडमध्ये, म्हणजे झोपेत, जायचं. तिथे त्याला जास्तीत जास्त २.५ मिलिअँपिअर वीज मिळते. जागं करायला २० मिलिसेकंदांचा संकेत आणि सावरायला आणखी १०. चांगला माउस इतक्या लवकर उठतो की आपल्याला पत्ताही लागत नाही. दोन सेकंद लागतात तेव्हा बहुधा माउस किंवा त्याचा वायरलेस रिसीव्हर नीट उठत नाही आणि विंडोजला तो नव्याने ओळखावा लागतो. त्या क्षणी उपकरण जोडल्याचा ‘टुंग’ आवाज येत असेल तर शंकाच नको.

डिव्हाइस मॅनेजर उघडा. व्ह्यू मेनूत ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडलं की माउस कोणत्या हबखाली (अनेक पोर्ट एकत्र जोडणाऱ्या दुव्याखाली) आहे ते दिसतं. माउसच्या वरच्या ‘यूएसबी इनपुट डिव्हाइस’च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जाऊन, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची कॉम्प्युटरला मुभा देणारी खूण काढा. तेवढ्याने भागलं नाही तरच रूट हबची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या मूळ हबची, खूण काढा, कारण तिचा परिणाम त्या हबवरच्या इतर उपकरणांवरही होऊ शकतो. मॉडर्न स्टँडबाय (फोनसारखी हलकी झोप) असलेल्या लॅपटॉपवर हा टॅब अनेकदा दिसतच नाही. तिथे आधी पोर्ट बदलून पाहा, मग रिसीव्हरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून.

सगळ्याच उपकरणांचं सस्पेंड बंद करू नका असं आम्ही आग्रहाने सांगतो, कारण खरी बचत माउसच्या विजेत नाही. एक उपकरण जागं राहिलं की यूएसबी कंट्रोलर जागा राहतो, आणि तो जागा असला की प्रोसेसरला सर्वांत खोल झोपेत उतरता येत नाही. बॅटरी तिथे जाते.

प्रश्न : लिनक्सवर पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमचं ‘ऑटो-ट्यून’ चालवलं. आता कीबोर्डवर थांबून टाइप केलं की पहिलं अक्षर गायब होतं, आणि माउस क्लिक केल्याशिवाय हलत नाही.

उत्तर : दोन्ही अपेक्षितच आहे. सस्पेंडमधला कीबोर्ड कळ दाबल्यावर उठतो, पण अनेकांमध्ये ती कळ स्वतः हरवते. बऱ्याच ऑप्टिकल माउसचा दिवा सस्पेंडमध्ये विझतो, त्यामुळे त्यांना हालचाल दिसत नाही. बटण तेवढं कळतं. म्हणूनच कर्नल (लिनक्सचा गाभा) आपणहून सहसा फक्त हबना झोपू देतं. ऑटो-ट्यून मात्र सरसकट सगळ्यांना ‘ऑटो’, म्हणजे आपोआप झोपणारं, करतं आणि मग साधारण २ सेकंदांच्या शांततेनंतर उपकरण झोपतं.

रीस्टार्ट केल्यावर पॉवरटॉपचे बदल पुसले जातात. ते सर्व्हिस म्हणून (दर वेळी आपोआप चालेल असं) लावलं असेल तर आधी ती बंद करा. बचत हवीच असेल तर ‘एलएसयूएसबी’ (lsusb) या कमांडने कीबोर्ड-माउसचे निर्माता व उत्पादन क्रमांक काढा आणि त्यांच्यासाठी यूडेव्ह (उपकरण जोडल्यावर नियम लावणारी लिनक्सची यंत्रणा) नियम लिहून त्या उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरमधल्या ‘कंट्रोल’ची किंमत ‘ऑन’ (झोपू न देणारी) ठेवा. टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर तेच क्रमांक त्याच्या यूएसबी डिनायलिस्टमध्ये (न झोपवायच्या उपकरणांच्या यादीत) घाला. पोर्टच्या पत्त्यावर नियम बांधू नका, वायर दुसऱ्या पोर्टला लावली की तो लागू होत नाही.

प्रश्न : विंडोजमध्ये नेमकं कोणतं उपकरण झोपत नाही, हे कसं शोधायचं?

उत्तर : कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘पॉवरसीएफजी’ नंतर स्पेस देऊन स्लॅश आणि लगेच ‘एनर्जी’ (powercfg /energy) टाइप करा. ६० सेकंद मोजणी चालते, तेवढा वेळ माउसला हात लावू नका, नाहीतर तोच दोषी म्हणून यादीत येईल. अहवाल एचटीएमएल फाइलमध्ये मिळतो. सिलेक्टिव्ह सस्पेंडमध्ये न गेलेली यूएसबी उपकरणं त्यात नावानिशी असतात. संशयित उपकरण काढून पुन्हा मोजा. यादीतून त्याचं नाव गेलं, पण दुसरं आलं, तर तेही काढून बघा.